फोर्टातली सनई, लंडनची तबकडी

तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावं छापली आहेत. ती वाचताना आपल्याकडच्या संगीतवेड्या माणसाला हसावं की चिडावं कळत नाही. इंद्रनील भट्टाचार्य यांचं ‘इंद्रिल’ झालंय. तारशहनाईवाले विनायक व्होरा ‘विनाईक’ झालेत. शिवकुमार शर्मांच्या आडनावाचीही धडगत राहिलेली नाही. सनई वाजवणारे शरद आणि हनुमान यांच्यापुढे ‘जदेव’ असं काहीतरी आहे. मराठी माणूस ते ‘जाधव’ असंच वाचणार. सूरबहार वाजवणाऱ्या चंद्रशेखर नारिंग्रेकरांचं आडनाव तर वाटेत कुठेतरी गळूनच पडलं, उरलं नुसतं ‘चंद्र शेखर’. बासरीवाले एस. आर. केंकरे तेवढे सहीसलामत सुटले.

तबकडी जॉर्ज हॅरिसनची, नाव ‘वंडरवॉल म्युझिक’. १ नोव्हेंबर १९६८ रोजी ती ब्रिटनमध्ये बाजारात आली. बीटल्सच्या चौघांपैकी एकाच्या स्वतःच्या नावावर निघालेली ही पहिली मोठी तबकडी. बीटल्सनी नव्याने काढलेल्या अ‍ॅपल या कंपनीची पहिली लाँगप्लेही हीच. क्रमांक ‘सॅपकॉर १’. पुढच्या तीनच आठवड्यांत बीटल्सचा तो पांढराशुभ्र दुहेरी अल्बम आला आणि ‘वंडरवॉल’ त्याच्या सावलीत गेली. ब्रिटनच्या विक्रीयादीत ती चढलीच नाही. अमेरिकेत ४९व्या क्रमांकापर्यंत पोचून थांबली. रॉकचे इतिहासकार आजही तिच्याकडे ‘हॅरिसनचा हिंदुस्थानी छंद’ म्हणून बघतात, दोन ओळी लिहितात आणि पुढे जातात.

मला मात्र ती मुंबईची तबकडी वाटते. निम्म्याहून अधिक जीव तिच्यात फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवर ओतला गेला. ज्यांनी तो ओतला ते इथल्या रेडिओवर, मैफलींत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत रोज हात चालवणारे लोक होते. आपण बालगंधर्वांना ऑर्गनची साथ कुणी केली, हिराबाईंच्या मागे तबल्यावर कोण होतं, हे घोकून ठेवणारी माणसं. पण ही तबकडी आपल्या हिशेबात कधी आलीच नाही.

नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतून संध्याकाळी बाहेर पडताना बसमध्ये बघा, दहातल्या आठांच्या कानात काहीतरी असतं. मोबाइलवर ‘वंडरवॉल म्युझिक’ लावली तर पडद्यावर एकच नाव येतं, जॉर्ज हॅरिसन. केंकरे नाहीत, व्होरा नाहीत, ‘जदेव’सुद्धा नाहीत. महापे-ऐरोलीच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या, कुंपणावर कुंपण घातलेल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. जगभरची गाणी अशाच इमारतींत साठवलेली असतात. जागेला तिथे तोटा नाही. तरी दहा-बारा वादकांच्या नावांना जागा मिळत नाही, हा अजबच प्रकार आहे. छपाईतल्या चुकांसकट का होईना, १९६८च्या पुठ्ठ्यावर ती नावं होती.

या नावांची गोष्ट मुंबईच्या आधी लंडनमध्ये सुरू होते. ११ एप्रिल १९६६. अनिल भागवत नावाचे एक तबलावादक लंडनमध्ये राहत होते. भागवत हे आडनाव दिसलं की आपण जरा थबकतोच. एशियन म्युझिक सर्कल नावाची संस्था तिथे भारतीय संगीताचे कार्यक्रम करायची. मूळचे कर्नाटकातले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया ती चालवत. अंगडींचा फोन आला, संध्याकाळी एका रेकॉर्डिंगला जाशील का म्हणून. कुणाचं रेकॉर्डिंग, हे काही सांगितलं नाही. न्यायला दारात रोल्स रॉइस आली, तेव्हा भागवतांना कळलं की प्रकरण साधं नाही. अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत पोचल्यावर समोर बीटल्स. हॅरिसनने त्यांना रविशंकरांच्या ढंगातला सोळा मात्रांचा ठेका मागितला. मात्र बांधून ठेवलं नाही, मोकळं वाजवू दिलं. ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीवरचं ‘लव्ह यू टू’ हे ते गाणं. भागवतांना ३५ पौंड मिळाले.

ते गाणं आज ऐकताना मी सतारीपेक्षा तबल्याकडेच कान लावतो. सतार शिकाऊ आहे, आणि ती लपवलेलीही नाही. सुरुवातीला छोटासा आलाप होतो, मग तबला येतो आणि गाण्याच्या अंगात एकदम हाडं भरतात. रॉकच्या गाण्यात ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका ठेवून सगळ्यांना ओढत नेतो. इथे भागवत डग्ग्याच्या घुमाऱ्याने गाणं पुढे सरकवतात, आणि शेवटी लय वाढते तेव्हा बाकीचे त्यांच्यामागून धावत असतात. बीटल्सच्या गाण्यात बाहेरच्या वादकाने सूत्रं हातात घेतल्याची उदाहरणं फार नाहीत.

‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर भागवतांचं नाव छापलं गेलं. बीटल्सच्या तबकड्यांवर हे क्वचितच घडायचं, आणि पुढे भागवतांनी त्याचा अभिमान बोलूनही दाखवला. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’वरच्या ‘विदिन यू विदाउट यू’साठी त्याच सर्कलमधले दिलरुबा, तंबोरा, तबला, स्वरमंडल वाजवणारे आले. त्यांतल्या कुणाचंही नाव छापलं नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा, नटवर सोनी, पी. डी. जोशी ही नावं जगासमोर यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं जावी लागली. जगात सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक, आणि दिलरुब्यावर कोण होतं ते इतकी वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं!

हॅरिसन मुंबईत पहिल्यांदा मुक्कामाला आला सप्टेंबर १९६६ मध्ये. ताजमध्ये उतरला, सॅम वेल्स या खोट्या नावाने. मिशा वाढवल्या होत्या, पण ओळखायचा तो ओळखला गेलाच. खाली पोरांची गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली. रविशंकर सतार शिकवत आणि ते नसतील तेव्हा त्यांचे शिष्य शंभू दास रियाज करून घेत. हे शंभू दास पुढे आपल्या गोष्टीत महत्त्वाचे ठरतात.

‘वंडरवॉल’ हा मुळात जो मासोत या दिग्दर्शकाचा सिनेमा; तबकडी म्हणजे त्याचं पार्श्वसंगीत. एक विक्षिप्त प्राध्यापक शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मॉडेलकडे भिंतीतल्या भोकातून बघत बसतो, एवढीच गोष्ट. संवाद जेमतेम, त्यामुळे संगीताला मोकळं रान. हॅरिसनने अट घातली नव्हती, मासोतनेच सांगून टाकलं की तू देशील ते मी वापरीन. मग हॅरिसन हातात स्टॉपवॉच घेऊन सिनेमा बघायला बसला. कुठल्या प्रसंगाला किती मिनिटं, किती सेकंद, हे टिपून घेतलं आणि त्या मापाचे तुकडे बांधले. एकोणीस तुकडे, त्यांतले बरेचसे एक ते दोन मिनिटांचे. मापं घेऊन कपडे शिवावेत तसं हे काम. सिनेमाचं पार्श्वसंगीत सगळीकडे असंच होतं. पण हॅरिसनला त्याचा काडीचाही अनुभव नव्हता.

निम्मं काम त्याने लंडनमध्ये केलं, लिव्हरपूलच्या ‘रेमो फोर’ या बँडला घेऊन. बाकीच्यासाठी ७ जानेवारी १९६८ रोजी तो मुंबईकडे निघाला. ९ तारखेपासून पाच दिवस एचएमव्हीचा स्टुडिओ, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग, सर फिरोजशहा मेहता रोड. वादकांची जमवाजमव शंभू दासांनी केली. नियंत्रण कक्षात जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता. स्टुडिओत दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्रच नव्हतं. तेव्हा ग्रामोफोन कंपनीचे भारतातले प्रमुख भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आणवलं. (हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि पिंक फ्लॉइडचं ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तिथे घरोघरी पोचवलं. कलकत्त्यातून तिथवर जाणाऱ्या या माणसावर मराठीत एखादा लेख यायला हवा.)

दोन ट्रॅक म्हणजे काय, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. आज घरच्या लॅपटॉपवर शंभर वाद्यं शंभर वेगळ्या पट्ट्यांवर घेता येतात आणि कुणाचा आवाज किती ठेवायचा ते महिन्याभराने ठरवता येतं. दोन ट्रॅकवर सगळं जागच्या जागी ठरवायचं. सनई किती लांब, पखवाज किती जवळ, संतूर कुठल्या बाजूला, हे वाजवण्याआधीच पक्कं करायचं. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यातून इमारत ऑफिसांची आणि आवाज अडवण्याची सोय यथातथा. हॅरिसन पुढे सांगायचा, की साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागे, कारण जिना उतरणाऱ्या लोकांचे पाय ऐकू यायचे. बाहेर टॅक्सी होत्याच. चर्चगेट आणि व्हीटी गाठायला निघालेल्या कारकुनांसाठी बीटल खोळंबून बसला होता, हे चित्र मला फार आवडतं.

आणि आत कोण? सगळे तरुणच. हॅरिसन चोवीस वर्षांचा. सरोदवर अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खाँ, अठ्ठावीस. बासरीवर, निदान एका गाण्यापुरते, हरिप्रसाद चौरसिया, एकोणतीस. संतूरवर शिवकुमार शर्मा; त्या आठवड्याच्या शनिवारी, १३ जानेवारीला, ते तीस वर्षांचे झाले. पखवाज आणि तबल्यावर बनारस घराण्याचे महापुरुष मिश्र, अनोखेलालजींचे शिष्य. हार्मोनियम आणि तबलातरंगला रिजराम देसाद, जे हाताला लागेल ते वाद्य वाजवू शकत.

तबकडीची सुरुवातच सनईने होते. पहिला तुकडा ‘मायक्रोब्स’, पावणेचार मिनिटांच्या आसपासचा. आपल्या कानाला सनई म्हणजे मांडव, नाहीतर देवळातला चौघडा. इथे तिच्यातला मंगलपणाच काढून घेतलाय. खाली सूर धरून ठेवलेला, वर सनई संथपणे चढते, टोकाला जाऊन थरथरते आणि उतरताना प्रत्येक स्वर घासत खाली आणते. दम किती लागतो ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. सनईची पत्ती ओठात धरून एवढ्या संथ लयीत सूर न डगमगू देणं हे द्रुत ताना मारण्यापेक्षा अवघड. पहिल्याच तुकड्याला कुणी मोठं नाव नाही, पाश्चात्त्य कानाला गोड वाटेल अशी सतार नाही, गिटार तर नाहीच. दुकानात बीटलची तबकडी म्हणून विकत घेतलेल्या पोराच्या घरी पहिल्याच मिनिटाला हे वाजलं असेल, तेव्हा त्याच्या आईने काय म्हटलं असेल!

महापेत एका ओळखीच्या माणसाचा गाळा आहे, ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचा. मागच्या खोलीत त्याने जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून मांडलेत आणि एक टर्नटेबल. शनिवारी पाळी संपल्यावर तिथे ही तबकडी आम्ही लावली. ‘मायक्रोब्स’ सुरू झाल्यावर तांब्याच्या तारेची रिळं उचलणारा त्याचा मदतनीस दारात येऊन उभा राहिला. त्याच्या गावी देवळात सनईची पाळी असते. त्याने नाव विचारलं नाही, देश विचारला नाही. खालचा सूर कसा तुटत नाही, तेच कान देऊन ऐकत होता. दुसरा तुकडा, लिव्हरपूलवाल्यांचा पियानो, सुरू होताच तो निघून गेला. समीक्षा म्हणून मला ती पुरेशी वाटली.

‘तबला अँड पकवाज’ जेमतेम मिनिटभराचा. दोन वाद्यं, बाकी काही नाही. पखवाजाचा उघडा, जाड बोल आणि तबल्याचा काटेरी बोल शेजारी ठेवले की दोन्ही कसे उठून दिसतात, ते वारकरी कीर्तन ऐकलेल्या माणसाला समजावावं लागत नाही. लंडनच्या श्रोत्याने मात्र रिंगो स्टारच्या ड्रमनंतर हे ऐकलं आणि त्याला पहिल्यांदाच कळलं, की कातड्याच्या वाद्यालाही स्वर असतो, घोटून बसवलेला. ‘इन द पार्क’मध्ये संतूर आणि सूरबहार. नारिंग्रेकरांचा सूरबहार खालच्या सप्तकात मींड घेत हळूहळू सरकतो, वर शिवकुमारांच्या काड्या टिपटिपतात. शंभराच्या घरातल्या तारा लावून, तेवढ्याच वेळात दुसऱ्याच्या पट्टीशी मिळवून, चार मिनिटांत निवांतपणाचा भास निर्माण करायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

सगळ्यात जास्त वेळा मी ऐकतो तो ‘लव्ह सीन’. इथे आशिष खाँ दोनदा वाजवतात. आधी एक सरोद मुद्रित केली आणि मग ती ऐकत दुसरी, स्वतःशीच जुगलबंदी. कल्पना हॅरिसनची. खमाजच्या अंगाचा हलका, लडिवाळ राग. पहिली सरोद प्रश्न विचारते, दुसरी उत्तर देता देता मध्येच थबकते, जणू उत्तर आठवत नाही. रॉकमध्ये एकाच गिटारवादकाने दोन-तीन पट्ट्या वाजवणं तोवर नेहमीचं झालं होतं. आपल्याकडे शास्त्रीय वादकाने हे करणं म्हणजे सोवळ्यात चहा पिण्यासारखं. समोर दुसरा माणूस नसताना सवाल-जवाब कसला? पण ऐकताना कुठेही यंत्राची चाहूल लागत नाही. आशिष खाँ पुढे अमेरिकेत शिकवत राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मृत्युलेखांतही हॅरिसनचं नाव आलं. ‘लव्ह सीन’मध्ये नेमकं काय वाजवलंय, ते कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

‘गत किरवाणी’ सव्वा मिनिटाची आहे, आणि ती निवडण्यात हॅरिसनची हुशारी दिसते. किरवाणी कर्नाटक संगीतातून उत्तरेला आलेला राग. त्याची स्वरांची चौकट आणि पाश्चात्त्य संगीतातली हार्मोनिक मायनर एकच. म्हणजे लिव्हरपूलच्या माणसाला हे स्वर घरचे वाटतात, फक्त चाल अनोळखी. विनायक व्होरांचं ‘क्रायिंग’ही असंच छोटं. तारशहनाई म्हणजे इसराजाला ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला, गजाने वाजवायचा. नावाप्रमाणे तो तुकडा रडतो, पण छाती पिटून नाही.

एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. राग उलगडायला तासभर घेणारे हे लोक एका मिनिटाच्या मापात कसे बसले? उत्तर एचएमव्हीच्याच कपाटात होतं. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँ, हिराबाई, मास्टर दीनानाथ यांनी तेवढ्यातच आलाप, बंदिश, ताना आणि शेवटची तिहाई बसवली. आपल्या नाट्यसंगीताचा अर्धा दबदबा त्या तीन मिनिटांवर उभा आहे. एचएमव्हीच्या मुंबई शाखेत हे तंत्र कोळून प्यायलेला माणूस म्हणजे गो. ना. जोशी, ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाऊन मराठी भावगीताची वाट पाडणारे. पुढे कंपनीच्या नोकरीत त्यांनी कित्येक थोरामोठ्यांची ध्वनिमुद्रणं केली. हॅरिसन येण्याच्या थोडंच आधी त्यांच्याच देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ झाली होती: संतूरवर शिवकुमार, बासरीवर हरिप्रसाद, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगायचा, म्हणजे एका अर्थी प्रसंगाबरहुकूम संगीत. त्यातले दोघे पुढे हॅरिसनसमोर बसले. जोडीला सिनेमाच्या स्टुडिओंची सवय. अरेंजर हातात सरगम देतो, ‘टेक’ म्हणतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात काम फत्ते करून माणूस पुढच्या शिफ्टला पळतो. अशा माणसांना स्टॉपवॉचचं भय वाटत नाही.

या स्टुडिओंतल्या लोकांची नावं मात्र हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर कधी आली नाहीत. संगीतकार, गीतकार, गायक, संपलं. गाण्यातल्या ज्या तुकड्यावर सगळा देश मान डोलावतो, तो वाजवला कुणी, हे वादकांच्या घरच्यांनाच माहीत. त्या पार्श्वभूमीवर ‘वंडरवॉल’च्या वेष्टनाकडे पुन्हा बघावं लागतं. हॅरिसनने वाद्यासकट प्रत्येकाचं नाव दिलं. टाइप करणाऱ्याने त्याची वाट लावली, हे खरं. पण घरच्या कंपनीने जे कधी दिलं नाही, ते परक्याने चुकीच्या स्पेलिंगमध्ये दिलं.

लंडनच्या बाजूविषयी थोडक्यात. ‘रेमो फोर’ तयारीचे वादक होते. त्यांच्या टोनी अ‍ॅश्टनचा पियानो मजेदार आहे. एरिक क्लॅप्टन ‘एडी क्लेटन’ या टोपणनावाने ‘स्कीइंग’मध्ये गिटार कडाडवतो. ‘ड्रीम सीन’ साडेपाच मिनिटांचा, टेप उलट्या फिरवून, एकावर एक चढवून केलेला गोंधळ. जॉन लेननच्या ‘रेव्होल्यूशन ९’च्या आधीचा, हे लक्षात घेतलं तर धाडसी. पण ‘पार्टी सीकूम’सारख्या तुकड्यांत चांगले वादक नुसते रेंगाळतात. ऐकायला बरं, संपलं तरी चुकल्यासारखं वाटत नाही. जॉन बॅरम या पियानोवादकाने मात्र दोन्ही बाजू जोडायचा खरा प्रयत्न केला. ‘ऑन द बेड’मध्ये पियानोवर सनई येते आणि वर ब्रासची ओळ. पियानोचे स्वर कारखान्यात पक्के केलेले, सनईचे ओठात. दोन्ही एकमेकांना बोचतात, आणि ते बोचणं मला गुळगुळीत फ्यूजनपेक्षा जास्त आवडतं.

वेष्टनाचं चित्र बॉब गिल यांचं: मधे लाल विटांची भिंत, एका बाजूला टोपीवाला साहेब, पलीकडे न्हाणाऱ्या हिंदुस्थानी बायका. हॅरिसनने सांगून भिंतीतली एक वीट काढायला लावली, साहेबाला काहीतरी संधी असावी म्हणून.

१२ जानेवारीला सिनेमाचं काम आटपत आल्यावर हॅरिसनने आणखी एक चाल वाजवून घेतली. सिनेमासाठी नव्हे, बीटल्ससाठी. ‘द इनर लाइट’. शब्द ‘ताओ ते चिंग’वरून घेतलेले, ती कल्पना केंब्रिजच्या संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांची. गाणं अडीच मिनिटांच्या वर फारसं नाही. द्रुत अंगाच्या तुकड्यांत सरोद आणि सनई, खाली पखवाज. मग एकदम सगळं निवतं आणि हार्मोनियमच्या आधाराने आवाज आणि बासरी. तबला नाहीच. पखवाजामुळे द्रुत तुकडेही उथळ होत नाहीत, पाय जमिनीवर राहतात. हरिप्रसादांची बासरी गायकाच्या ओळीमागून येते आणि त्याने सोडलेला स्वर अलगद उचलते. आपल्या भावगीतांत बासरी असंच तर वागते. फेब्रुवारीत लंडनला हॅरिसनने आवाज भरला. गाताना तो बिचकत होता, एवढ्या उंच पट्टीत जमेल की नाही म्हणून. १५ मार्च १९६८ला ‘लेडी मडोना’च्या मागच्या बाजूला ते गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. मागची बाजू फिरोजशहा मेहता रोडवरून आली होती.

चार वर्षांनी, १९७२ मध्ये, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी पुन्हा वाजवून बघितली. वादकांची धुरा बासरीवादक विजय राघव राव यांच्याकडे. ‘फोर स्टिक्स’चा लंगडा ताल ऐकताना कळतं की इथे मापं उलटी झाली आहेत. हॅरिसनने इथल्या वादकांना त्यांच्या मैदानावर खेळू दिलं होतं. पेजने त्यांना आपल्या मैदानावर बोलावलं. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ‘वंडरवॉल’ची नवी आवृत्ती त्याच्या वर्षभर आधी, २०१४ मध्ये निघाली, तीत ‘ऑलमोस्ट शंकरा’ नावाचा राहून गेलेला तुकडा आहे आणि ‘द इनर लाइट’चं नुसत्या वाद्यांचं एक मुद्रणही. आवाज नसल्यामुळे वादक काय करतात ते त्यात स्वच्छ दिसतं. नव्याने ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

‘वंडरवॉल’च्या त्या पाच दिवसांतल्या मंडळींपैकी रिजराम देसाद यांचा माग मला नेमका लागतो. १९७४ मध्ये हॅरिसनने रविशंकरांच्या वादकवृंदाला घेऊन उत्तर अमेरिकेचा दौरा काढला. त्यात हरिप्रसाद होते, शिवकुमार होते, अल्ला रखा होते, आणि देसादही होते. या वेळी हार्मोनियम-तबलातरंगच नव्हे; पखवाज, मादल, नगारा, हुडूक, डफ आणि ढोलकी, एवढं सगळं त्यांच्याकडे. बर्फाच्या हॉकीसाठी बांधलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये बीटल्सची गाणी ऐकायला जमलेली पोरं आरडाओरडा करत होती, त्यांना थोपवून आधी ढोलकी ऐकवायची होती. शिकागोत रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला, तरी दौरा पुढे चालू राहिला. त्या वृंदाची तबकडी निघाली तेव्हा वादकांच्या यादीत देसादांचं नाव होतं, स्पेलिंगसह बरोबर.